कापडाचे पन्नास

गुरुसिद्धप्पा कोनापुरे, रंगाचे व्यापारी,
यांचा लॉकर उघडला तेव्हा बँकेकडून साक्षीला मी होते.
दोन पंच, तीन वारस, एक वजनकाटा.
सोनं ग्रॅमपर्यंत वाटलं गेलं.
तळाशी पत्र्याचा डबा उरला,
जुन्या नीळभुकटीने कोपरे अजून निळे.
आत नोटा. धाकट्याने एक उजेडात धरली,
म्हणाला, चालत नाहीत की हो ह्या.
तुम्हीच ठेवा मॅडम.

घरी सतरंजीवर मांडल्या, पत्त्यांसारख्या.
जर्मनीतली गावं. नावं वाचता येत नाहीत,
एवढं कळतं की ज्याने त्याने आपापली छापली.
पहिल्या लढाईत तिथली चिल्लर संपली,
तांबं तोफांना गेलं, चांदी घरोघर लपली,
मग नगरपालिकांनी कागद घेतला.
नुसता आकडा छापूनही भागलं असतं.
पण कुणी चितारी बसवला,
म्हणून एका नोटेवर उंदरांची रांग नदीत उतरतेय,
एकीवर सैतान दगड उचलून चाललाय,
एकीवर भुकेचीच थट्टा: ताटात सलगम, टोपलीत सलगम,
बाईच्या डोक्यावरही, मला वाटतं, सलगमच.

नोकरीच्या सवयीने मी आधी तारखा शोधल्या.
सगळ्यांची मुदत संपलेली. एकवीस साल, बावीस साल.
काहींवर घडी नाही, तेलाचा डाग नाही,
मोजताना लावलेलं थुंकीचं बोट नाही.
या कधी बाजारात गेल्याच नसाव्यात.
हौशी लोकांनी जमवाव्यात म्हणूनच काढलेल्या.
अडचणीचीसुद्धा हौस असते माणसाला.

सगळ्यात खालची बोटाला वेगळी लागली.
बाबांना दिली. मल्लेशम म्याकल,
जकार्डचे पत्ते पाडणारे, एकतीस वर्षं,
मिलचा भोंगा थांबला त्या दिवसापर्यंत.
केवढ्याची, कुठल्या देशाची, काही विचारलं नाही.
चिमटीत धरून चोळली. म्हणाले,
इदि बट्ट.
अगं, कापड आहे हे.

मग पितळी भिंग निघालं, इंचाच्या चौकटीचं.
ट्यूबलाइटखाली सुईच्या टोकाने धागे मोजू लागले,
ओठ हलत होते. धागे ते तेलुगूत मोजतात,
पैसे मराठीत.
उभे साठ, आडवे छप्पन्न. इथे एक तुटलाय,
घाईत सांधलाय बघ, गाठ वर ठेवली.
शंभर वर्षांमागच्या त्या माणसाचा
आजचा खाडा मांडायला निघाल्यासारखे बोलले.

बाबा, पैसे आहेत हे.
असतील की. पण काठ नाही याला,
चार हात फिरलं की सुटेल.

आत जाऊन रुमालाची गाठ घेऊन आले.
सात बिल्ले, पितळी, अष्टकोनी,
एक जेवण, एक जेवण, सातही जणांवर तेच.
शेवटच्या महिन्यात पगारातून कापून दिलेले.
नंतर कँटीनलाच कुलूप.
मला हे माहीत नव्हतं.
चित्र नाही बघ कशावर, म्हणाले,
तुझ्या त्या लोकांनी निदान उंदीर तरी काढले.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर यशोदा श्रीमल आल्या,
विडी कारखान्याच्या, सतराशे पन्नास काढायला.
माझ्याकडे पन्नासची नोट नव्हती, सुट्टे नव्हते,
शेजारच्या खिडकीतही नव्हते.
चिठ्ठीवर लिहिलं: पन्नास देणे. सही केली,
शिक्का मारला, तो तिरका पडला.
रिकामा कोपरा बघून हात थांबेना,
एक विडीचं पान काढलं, शिरांसकट.
त्यांनी चिठ्ठी उलटी-सुलटी केली.
चालतं का हे?
उद्या चालेल, म्हटलं.

अकरा दिवस झाले. त्या आलेल्या नाहीत.
शेजारीण सांगते, देव्हाऱ्याच्या काचेत खोचलीय चिठ्ठी,
पान छान निघालंय म्हणे.
आणि माझ्या गल्ल्यात रोज संध्याकाळी
पन्नास रुपये जास्त निघतात.